आक्का पाण्यात उतरल्या

आमच्या घरातली सगळी माणसं एकाच वेळी बाहेरगावी गेलीत, असं मी लग्न होऊन आल्यापासून एकदाही पाहिलं नाही. गायींच्या घरात ते होतच नाही. सकाळी दूध, संध्याकाळी दूध. लग्न असो नाहीतर मयत असो, कुणीतरी मागं राहायचंच. आणि ते कुणीतरी म्हणजे आक्का, माझ्या थोरल्या जाऊबाई. शिर्डी झाली, कोकण झालं, आम्ही पोरांना घेऊन हिंडून आलो, फोटो दाखवले, आक्कांनी पदराला हात पुसत ते बघितले आणि म्हणाल्या, "लई भारी हाय गं." दर वेळी मी निघताना भांडायचे आणि दर वेळी हरायचे.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांनी टुमणं लावलं. पुण्याच्या पलीकडं, घाट उतरल्यावर एक मोठं पार्क आहे, पाळणे आहेत, पाण्याच्या घसरगुंड्या आहेत, शेजारीच राहायला रिसॉर्ट आहे. सगळ्या आळीत आमचीच पोरं तेवढी गेली नव्हती म्हणे! रात्रंदिवस मोबाईलवर तेच व्हिडिओ. एका संध्याकाळी आम्ही दोघी ओट्यावर लसूण सोलत होतो आणि माझी पोरगी आम्हाला लाटांचा तलाव दाखवत होती. आक्कांनी तिच्या हातातून मोबाईल घेतला, डोळ्यांजवळ धरला आणि विचारलं,

"हे पानी केवढं खोल असंल गं?"

मला नवल वाटलं. आजवर आक्कांनी फक्त गायींच्या बाबतीत असं बारकाईनं काही विचारलेलं. मग हळूहळू बाहेर आलं. आक्कांचं माहेर नेवाशाकडचं, प्रवरेच्या काठावरचं. परकराचा काष्टा मारून पोरांच्या बरोबरीनं त्या नदीत पोहायच्या. भावाला त्यांनीच शिकवलं. लग्न होऊन इकडं श्रीगोंद्याच्या बाजूला आल्या, तेव्हा पहिल्याच उन्हाळ्यात, दुपारी रानात कुणी नाही असं बघून त्यांनी साडी खोचली आणि आमच्या विहिरीच्या पायऱ्या उतरायला लागल्या. तेवढ्यात बांधावरून दादा, म्हणजे त्यांचे मालक, माझे थोरले दीर, असे काही ओरडले की पलीकडच्या रानात खुरपणाऱ्या बाया उभ्या राहिल्या. "वर ये आधी! परत हिकडं फिरकायचं न्हाई!"

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. न्हाई फिरकले." आक्का पुन्हा लसूण सोलायला लागल्या. "मला तवापासनं बादलीचंच पानी म्हाईत."

माझं डोकंच फिरलं. मी तशी तोंडाची फटकळ, सासरी सगळ्यांना ठाऊक आहे. म्हटलं, "आक्का, यंदा तुम्ही येणार आणि पाण्यात उतरणार. नाही आलात तर मीही जात नाही, मग बसा पोरांची रडकी तोंडं बघत." आक्का हसल्या. "आन दूध कुनी काढायचं, तुझ्या बापानं?"

जेवायच्या वेळी मी विषय काढला. म्हटलं, आता होऊन जाऊ दे काय व्हायचं ते. दादा मोजकं बोलणारे, पण त्यांनी नुसतं खाकरलं तरी घर गप्प होतं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि वर न बघता म्हणाले,

"जाऊ द्या की तिला. मी बघतो दुधाचं."

आमच्या ह्यांचा घास हातातच राहिला. आक्का चुलीकडं तोंड करून बसल्या होत्या, त्या वळल्याच नाहीत. दादांनी एवढंच विचारलं, "तिथं पान्याजवळ राखनीला कोन असतं का?"

"असतात ना," हे म्हणाले, "शिट्ट्या घेऊन उभेच असतात."

"मंग जा."

जेवणं झाल्यावर मागचं आवरताना मी आक्कांना म्हटलं, बरंच झालं की दादा येत नाहीत. ते समोर असते तर थोरल्या दिरापुढं माझ्या डोक्यावरचा पदर हलला नसता, आणि आक्काही एका बाजूला पिशव्या राखत बसल्या असत्या. आक्कांना माझं पटलं, पण त्या म्हणाल्या, "कबरीचं काय करायचं?" कबरी ही गोठ्यातली सगळ्यात जास्त दूध देणारी आणि सगळ्यात नखरेल गाय. दूध काढायच्या मशिनला उभी राहत नाही. आक्कांचा हात लागल्याशिवाय पान्हा सोडत नाही, दुसरं कुणी बसलं की दूध चोरते. पुढचे आठ दिवस दादा रोज आक्कांच्या शेजारी बसून तिची कास धुवायचे, तिला गोंजारायचे. कबरी नुसती कान हलवायची.

आता कपड्यांचा प्रश्न. पार्कचा नियम होता, पाण्यात नायलॉनचेच कपडे चालतील. तिथं भाड्यानं मिळतात म्हणे, पण ते तोकडे, आणि कुणाच्या अंगावरचे कोण जाणे! आक्का म्हणाल्या, "नायलॉन ना? मंग हाय की आपल्याकडं." त्यांनी पेटीतून सासूबाईंच्या वेळच्या दोन नायलॉनच्या साड्या काढल्या. एक जांभळी, एक पोपटी, दोन्हींवर ताटाएवढी फुलं. गावातल्या शिलाईवाल्या बाईकडून आम्ही त्यांचे झगे आणि विजारी शिवून घेतल्या, आत अस्तर लावून. शिवणारी हसून हसून मशिनवर पडली. "कुठं तमाशात चालल्या का काय?" म्हणाली. मी म्हटलं, "तू टाका घट्ट मार, बाकी बोलू नको."

भाड्यानं क्रूझर गाडी ठरवली. निघताना आक्कांनी गोठ्यात दोन चकरा मारल्या, गाडीत बसल्या, उतरल्या, कबरीच्या पाठीवर हात फिरवून पुन्हा बसल्या. दादा फाटकाशी उभे होते. दौंड जाईपर्यंत आक्का मागं वळूनच बघत होत्या.

पार्कच्या दारातच माशी शिंकली. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही. आमच्याजवळ डबाभर धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाच्या पोळ्या. टाकून कसं द्यायचं? मग गाड्या लावतात तिथंच सतरंजी पसरली आणि गळ्यापर्यंत खाल्लं. त्याचा परिणाम म्हणजे पहिल्याच पाळण्यात आमच्या ह्यांना गरगरायला लागलं. खाली आल्यावर ते झाडाला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "मी आता इथंच बसतो, तुम्ही जाऊन या." पोरं मात्र सुटली. त्यांना दिवसभर आम्ही फक्त लांबून पाहिलं.

लाटांच्या तलावाच्या दाराशी शिट्टीवाल्या पोरीनं आमच्याकडं पाहिलं. जांभळी आक्का, पोपटी मी. तिनं माझी बाही चिमटीत धरून बघितली. "हे काय आहे, मावशी?"

"नायलॉन," मी म्हटलं. "तुमचाच नियम आहे ना? मग!"

सोडलं तिनं.

आक्का लाटांच्या तलावात उतरल्या तेव्हा झग्यात हवा शिरली आणि तो फुग्यासारखा वर आला. माझं हसू आवरेना. पण त्यांचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. पाणी कमरेच्या वर आलं तशा त्यांनी डोळे मिटले. मग दोन्ही हात पुढं केले, अंग टाकलं, आणि दोन हात मारतात न मारतात तोच शिट्टी! "मॅडम, इथं पोहायचं नाही! फक्त उभं राहायचं!"

आणि खरंच, त्या एवढ्या मोठ्या तलावात एकही माणूस पोहत नव्हता. सगळे उभे. लाट आली की ओरडायचं, लाट गेली की पुढच्या लाटेची वाट बघायची. मला रडू यायचं बाकी होतं. एवढा खटाटोप केला, हत्ती गेला आणि शेपूट राहिलं! मी त्या पोरीशी भांडायला निघाले, तर आक्कांनी माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे. पानी लागलं अंगाला, लई झालं." पण त्यांचा चेहरा मला दिसत होता. लई बिई काही झालेलं नव्हतं.

खोल्या ताब्यात देताना काउंटरवरच्या मुलानं सांगितलं, राहणाऱ्यांसाठी मागं वेगळा तलाव आहे, सकाळी सातला उघडतो, एका बाजूला गळ्याएवढं पाणी आहे आणि तिथं पोहायला चालतं. मी त्या मुलाला मनातल्या मनात शंभर आशीर्वाद दिले. आक्का खोलीत गादीच्या कडेला बसल्या होत्या. मी सांगितलं तसं त्यांचं तोंड उजळलं. आणि त्याच वेळी ह्यांचा फोन वाजला.

दादा होते. कबरी दूध देईना. तास झाला, खुराक घातला, वासरू लावलं, काही उपयोग नाही. कास टम्म झालीय, रात्रभर तशीच राहिली तर दगडीचा आजार होईल, सडं कायमची जातील. आक्का फोन संपायच्या आत उठल्या आणि कपड्यांची पिशवी भरायला लागल्या.

"आक्का, काय करताय?"

"निघते. पुन्यापर्यंत एष्टी मिळंल, फुडं बघू."

"तुम्ही कुठंही जाणार नाही!" मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या खोलीचं दार उघडलं. "एक सकाळ, आक्का! एक सकाळ ती गाय मरणार नाही!"

"तिला दुखत असंल गं," आक्का म्हणाल्या.

त्या पिशवीची गाठ मारता मारता थांबल्या. ह्यांच्या हातातून त्यांनी फोन घेतला. "ऐकताय का? गोठ्यात खुट्टीला माझी साडी हाय, दूध काढायच्या वक्ताची. ती नेसा. तिला माझा वास लागतो."

पलीकडून दादांनी नुसतं खाकरलं.

"नेसा म्हनते ना! डोक्यावरनं पदर घ्या, मिशा दिसू देऊ नका."

फोन कट झाला. आमची पोरं गादीवर लोळायला लागली. आमचे दादा, ज्यांच्यासमोर गावातली माणसं बिडी विझवतात, ते साडीत! आक्कांना मात्र हसू येत नव्हतं, त्या पिशवी मांडीवर घेऊन बसून होत्या. बऱ्याच वेळानं फोन आला.

"दिलं," दादा म्हणाले.

माझ्या पोरीनं फोनमध्ये तोंड घातलं, "मोठे पप्पा, एक फोटो पाठवा ना!"

"फोन ठिव." पण लगेच म्हणाले, "तिला सांग, सकाळीबी मीच नेसतो. तिला म्हनावं, तू पव."

सकाळी तलावाचं दार उघडलं तेव्हा आक्का जांभळ्या झग्यात दारातच उभ्या होत्या. आत फक्त आम्ही दोघी आणि खुर्चीवर बसलेला एक शिट्टीवाला. आक्का कडेच्या शिडीनं उतरल्या, खोल बाजूला गेल्या, गळ्यापर्यंत पाणी आलं. मग गेल्या खाली. मी काठावर. पाणी हललं, मग शांत झालं. मी हाका मारायला लागले, शिट्टीवाला खुर्चीतून उठला, आणि आक्का पार दुसऱ्या टोकाला वर आल्या, केस तोंडावर, धापा टाकत.

"हाय गं!" त्या तिथूनच ओरडल्या. "अजून हाय! गेलं न्हाई!"

मग त्यांनी हात मारायला सुरुवात केली. आवाज न करता, सावकाश, इकडून तिकडं, तिकडून इकडं. मध्येच उताणं पडून नुसत्या तरंगायच्या. मी पाण्यात पाय सोडून बसले आणि खुशाल रडले. त्या माणसानं शिट्टी वाजवली नाही.

घरी पोचलो तेव्हा संध्याकाळचं दूध काढायची वेळ झाली होती. आक्का गाडीतून उतरून तशाच गोठ्यात गेल्या. मी चहा घेऊन गेले तर त्या कबरीच्या कासेशी बसल्या होत्या आणि दादा जवळच दावणीला टेकून उभे होते. मला बघून त्यांनी नजर वळवली, मी पदर पुढं ओढला.

"पवलीस का?" दादांनी विचारलं.

"पवले."

"खोल हुतं?"

"गळ्याइतकं."

"राखनीला मानूस हुता ना?"

आक्कांचा हात थांबला. इतक्या वर्षांचं त्यांच्या तोंडावर आलं. "सारखं राखनीचं काय इचारता? माझं पवनं तुमाला बघवत न्हवतं, ते सांगा की. त्या दिशी चारचौघात वरडलात माझ्यावर."

दादा सरळ उभे राहिले. मला वाटलं आता भडकणार, मी कप ठेवून निघायला लागले. तर ते म्हणाले,

"मला पवता येत न्हाई."

आक्कांनी मान वर केली. मीही जागची हलले नाही. विहिरीत मोटार सोडायची असली की दर वेळी आमचे हेच का उतरायचे, ते मला त्या क्षणी कळलं.

"तू पायऱ्या उतरत हुतीस," दादा गव्हाणीकडं बघत म्हणाले. "माझ्या मनात आलं, ही बुडाली तर मी काय करनार? काठावर हुबा राहून वरडनार, दुसरं काय येतंय मला? म्हनून आधीच वरडलो."

आक्का त्यांच्याकडं बघतच राहिल्या. धार थांबली होती, कबरी पाय हलवायला लागली होती.

"आवो पन," आक्का म्हणाल्या, "मला येत हुतं की पवता."