प्राजक्त आणि गोचरी

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा दारात झाड नव्हतं. ओटा, त्याखाली गटार, मग रस्ता आणि रस्त्यापलीकडे शेजारच्या मावशींचं घर. आमचं गाव जुन्नर तालुक्याच्या पूर्वेकडचं, बाजाराचं. सासरचे लोक काही पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आले, किराणा-भुसाराचं दुकान टाकलं आणि इथलेच झाले. मारवाडी आता फक्त लग्नातल्या गाण्यांत उरली आहे.

माझ्या माहेरी दारात प्राजक्त होता. त्या सवयीने, नवं बांधकाम झाल्यावर मी पायरीशेजारी त्याचं एक रोप लावलं. आम्ही स्थानकवासी जैन, आमच्याकडे मूर्तिपूजा नाही, त्यामुळे देवाला फुलं लागत नाहीत. झाडावरचं फूल तोडायचं नाही, एवढाच सासूबाईंचा नियम. प्राजक्ताच्या बाबतीत तोही मोडायची वेळ येत नाही. फुलं पहाटे आपणहून पडतात.

तिसऱ्या वर्षी भाद्रपदात झाड भरून फुललं. सकाळी दार उघडलं की पायरी, ओटा आणि पुढचे पेव्हिंग ब्लॉक पांढरे झालेले असत, मधूनमधून केशरी देठ. त्याच वर्षी गावातल्या स्थानकात, म्हणजे साधू-साध्वी उतरतात त्या आमच्या धर्मस्थानात, साध्वींचा चातुर्मास होता.

साध्वी स्वतः काही शिजवत नाहीत. पात्रं घेऊन निघतात आणि घराघरांतून थोडं थोडं अन्न घेतात, त्याला गोचरी म्हणतात. कुणाकडे कधी येतील ते सांगत नाहीत. घरच्यांनी स्वतःसाठी जे केलं असेल त्यातलंच घेतात. खास त्यांच्यासाठी केलेलं काहीही त्यांना चालत नाही. आपल्या दारी त्या याव्यात म्हणून सासूबाई सकाळपासून रस्त्याकडे कान लावून असायच्या.

एके दिवशी त्या आमच्या गल्लीत वळल्या. सासूबाई ताट घेऊन दारात उभ्या राहिल्या. पुढे होत्या त्या वयस्क साध्वी ओट्याजवळ आल्या, खाली पाहिलं आणि थांबल्या. ताज्या फुलात जीव असतो, त्यावर पाय देता येत नाही. पाय ठेवायला फुलांमधून कुठे जागा नव्हती. त्यांनी सासूबाईंकडे पाहून "दया पाळो" एवढाच आशीर्वाद दिला आणि त्या पुढच्या घराकडे गेल्या.

सासूबाईंनी ताट आत नेऊन ठेवलं. दुपारी जेवताना विषय निघाला.

"उद्यापासून मी पहाटेच झाडून घेते," मी म्हणाले.

"कशासाठी?"

"त्यांना येता यावं म्हणून."

"मग ते त्यांच्यासाठीच झालं ना? आणि ताज्या फुलांवर खराटा फिरवायचा?"

माझे यजमान म्हणाले, "शेतात लावतात तसली शेडनेट आणतो. झाडाखाली बांधू. फुलं वरच्या वर अडकतील."

"ती तरी कुणासाठी बांधणार?"

झाड तोडायचं कुणी काढलंच नाही. ते तर त्याहून मोठं पाप.

समोरच्या मावशी संध्याकाळी दूध घालायला आल्या. त्या निमगाव साव्याच्या माहेरवाशीण. इथे त्यांची शेती आणि दोन म्हशी, आणि मुलगा पारगावच्या कारखान्यावर कामाला. त्या आणि सासूबाई एकाच वयाच्या, साधारण एकाच सुमारास या गल्लीत नांदायला आलेल्या. सासूबाईंनी त्यांना सकाळचं सगळं सांगितलं.

"येवढंच व्हय, भाभी?" मावशी म्हणाल्या. "मी येचून न्हेते की. भुईवरचं फूल देवाला चालत न्हाई, पर प्राजक्ताचं चालतं. आमच्या देवाला रोज लागत्यातच."

दुसऱ्या दिवशी दार उघडलं तेव्हा मावशी परडी घेऊन ओट्यावर उकिडव्या बसल्या होत्या. एकेक फूल देठाला धरून उचलत होत्या. आमचा चहा होईपर्यंत पायरी मोकळी झाली. मला वाटलं, प्रश्न मिटला.

सासूबाईंना तसं वाटलं नाही. त्या स्थानकात जाऊन विचारून आल्या. साध्वींनी एवढंच विचारलं होतं, "त्या बाई फुलं कुणासाठी वेचतात?" सासूबाईंना खात्रीने सांगता आलं नाही. म्हणून त्या परतताना सरळ मावशींच्या घरी गेल्या. मी बरोबर होते. मावशी म्हशीला वैरण टाकत होत्या.

"खरं सांग, तू फुलं कुणासाठी नेतेस?"

"देवासाठी," मावशी म्हणाल्या, आणि हसून, अगदी प्रेमाने पुढे म्हणाल्या, "आन थोडी तुमच्यासाठी. तुमच्या दारात त्या माऊल्या याव्या म्हून. आधी व्हते का मी रोज येत?"

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. मग मावशींचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "लई चांगलं केलंस."

सासूबाईंना साध्वींपाशी खोटं सांगता आलं असतं, निदान गप्प राहता आलं असतं. त्या पुन्हा स्थानकात गेल्या आणि मावशींचं उत्तर जसंच्या तसं सांगितलं. त्या चातुर्मासात साध्वी आमच्या दारी आल्या नाहीत. गल्लीतल्या बाकी घरी जात, आमच्या घरावरून पुढे जात. सासूबाई त्या वेळी दारात उभ्या राहून हात जोडत. कार्तिकात साध्वी पायी विहार करत लोणीच्या दिशेने निघाल्या, तेव्हा सासूबाई गावाबाहेरपर्यंत अनवाणी चालत गेल्या.

मावशींना यातलं काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय होतो? त्या रोज येत राहिल्या. पुढच्या वर्षी गावात चातुर्मास नव्हता, तरी भाद्रपद लागला तशा परडी घेऊन हजर. येताना कुणाच्या पोराचं लग्न ठरलं, कुणाच्या उसाला तोड आली नाही, असल्या बातम्या आणत. सासूबाई उंबऱ्याच्या आत खुर्ची टाकून बसायला लागल्या. झाड आता वरच्या मजल्याच्या खिडकीपर्यंत गेलं होतं.

त्याच्या पुढच्या वर्षी दुसऱ्या साध्वी आल्या. पुन्हा भाद्रपद, पुन्हा फुलं. एका सकाळी मावशी वेचत असताना सासूबाईंनी खुर्चीतूनच विचारलं, "ही कुणासाठी नेतेस गं?"

मी आत कणीक मळत होते. हात थांबला.

"कुणासाठी म्हंजी?" मावशी मान वर न करता म्हणाल्या. "देवासाठी. आन कुणासाठी?"

दोन वर्षांपूर्वीचं बोलणं त्या विसरल्या होत्या, की सगळं कधीच त्यांच्या कानावर गेलं होतं, मला ठरवता आलं नाही. मी बाहेर येऊन त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यावरूनही काही कळलं नाही. सासूबाईंनी म्हटलं, "बरं."

त्या आठवड्यात एक तरुण साध्वी आमच्या ओट्यापाशी आली. तिने खाली पाहिलं, मोकळी पायरी पाहिली आणि आत आली. सासूबाईंनी ताट पुढे केलं. साध्वीने अर्धा फुलका घेतला, दोन चमचे मुगाची डाळ घेतली, "दया पाळो" म्हणाली आणि गेली. सगळं मिनिटभरात झालं.

सासूबाई पायरीवरच बसल्या. उरलेला अर्धा फुलका त्यांनी डाळीला लावला आणि तिथेच बसून सावकाश खाल्ला.