निमिषने लपवलेला रिपोर्ट

शैलजाकाकू नागपूरच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाल्या आणि अमेरिकेत कॅरीला एकुलत्या मुलाकडे, निमिषकडे, राहायला आल्या. मी त्यांची शेजारीण. त्यांना ड्राइव्ह करता येत नाही, म्हणून मंदिर असो की लायब्ररी, त्या माझ्याबरोबर येतात.

निमिषला त्रेचाळिसाव्या वर्षी लिव्हरचा कॅन्सर झाला. दारूला न शिवणारा, रोज पळायला जाणारा माणूस. "लहानपणी कुठल्यातरी इंजेक्शनमधून व्हायरस आला असेल, आई," एवढंच त्याने काकूंना सांगितलं. त्याच आठवड्यात रुटीन चेकअप म्हणून त्यांचंही रक्त तपासून आणलं. "तुझं सगळं नॉर्मल," म्हणाला.

सात महिन्यांत तो गेला.

पुढच्या मार्चमध्ये क्लिनिकमधून काकूंच्या नावाने पत्र आलं. ते हातात घेऊन त्या माझ्याकडे आल्या.

"आसावरी, यात लिहिलंय की मी हेपटायटिस बीची कॅरिअर आहे आणि माझी तपासणी राहिलीय. हा व्हायरस माझ्यात कधीपासून असेल?"

मी औषधांच्या कंपनीत काम करते. खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही. "बहुतेक लहानपणापासून, काकू."

"म्हणजे निमिषला जन्मतानाच माझ्याकडून लागला."

त्यांनी पत्राची नीट घडी घातली.

लिव्हरच्या डॉक्टरांना त्यांनी एकच गोष्ट विचारली. व्हायरस दोघांत तोच, मग मी सत्तरीला धडधाकट आणि तो का गेला?

डॉक्टरांनी कागदावर रेघ काढून समजावलं. पेशींची वाढ आवरणारे काही जीन असतात. व्हायरस वर्षानुवर्षं लिव्हरमध्ये राहिला की त्या जीनवर मिथाइल नावाच्या बारीक रासायनिक खुणा बसत जातात. जीन शाबूत असतो, पण गप्प होतो. कुणात त्या खुणा जास्त बसतात, कुणात नाही. असं का, ते अजून पुरतं कळलेलं नाही. कॅन्सरच्या आधीच त्या खुणा रक्तात सापडतात का, हे बघायला कॅरिअर लोकांचा एक स्टडी चालू होता.

"त्याचं रक्त पाच वर्षं आधी बघितलं असतं तर?"

"कदाचित दिसलं असतं. खात्रीने नाही सांगता येत."

काकूंनी स्टडीच्या फॉर्मवर सही केली.

मी त्यांना घरी सोडायला आत गेले तेव्हा त्यांची सून अहिल्या ओट्यापाशी होती. काकू उभ्या उभ्याच म्हणाल्या, "अहिल्या, त्याला माझ्यामुळे झालं."

अहिल्याने गॅस बंद केला. "मला माहीत होतं, आई. तुमचा रिपोर्ट आला त्या दिवशीच त्याने मला सांगितलं. तुम्हाला कळू द्यायचं नाही, असं वचन घेतलं माझ्याकडून."

काकू खुर्चीत बसल्या. "सात महिने मी त्याच्या उशाशी बसून देवाला विचारत होते, याला कुणी दिलं हे. तो ऐकत असायचा. माझा हात धरून ऐकत असायचा."

मग त्या रडल्या. निमिष गेला त्या दिवशीही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. अहिल्या त्यांच्या पायाशी जमिनीवर बसून राहिली.

आता दर सहा महिन्यांनी मी त्यांना रक्त द्यायला नेते. स्टडीत ज्याचा त्याचा निकाल सांगत नाहीत. त्याही विचारत नाहीत. परवा नवी नर्स होती. फॉर्म भरताना तिने विचारलं, मुलं किती?

"वन," काकू म्हणाल्या आणि बाही वर करून त्यांनी हात पुढे केला.