‘टेक’ म्हणजे नेणं

विरारमधल्या फुलपाड्याच्या आमच्या बिल्डिंगला त्या वर्षी इंग्रजीचा झटका आला. वसईकडच्या एका इंग्रजी शाळेत नर्सरीच्या पोराआधी त्याच्या आईबापांची मुलाखत घेत. नव्वदचं दशक संपत आलं होतं. नळाला पाणी नव्हतं, रस्त्याला डांबर नव्हतं, पण पोरगं कॉन्व्हेंटात गेलंच पाहिजे होतं. मग तळमजल्याच्या रिकाम्या गाळ्यात एक सर उगवले आणि पालकांना मुलाखतीचं इंग्रजी शिकवू लागले. गळ्यात टाय, पायात रबरी चप्पल.

आई-बाबा दोघंही जात. धाकट्या भावाला सांभाळायला मला मागच्या सतरंजीवर बसवलेलं असे. मी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत, सातवीत जाणार होते. सातवीला स्कॉलरशिपला बसायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आमच्या बाई सकाळची शाळा भरण्याआधी त्याचा तास घ्यायच्या, निवडक मुलांचा, आणि त्यात त्यांनी मला आपणहून घेतलं होतं. हे मी घरी चारदा सांगितलं. चारही वेळा "बरं बरं" असं उत्तर मिळालं.

सरांचं सगळं भांडवल ‘टेक’ या एका क्रियापदावर होतं. ‘टेक’ आलं की निम्मं इंग्रजी आलं, असं ते म्हणत. बस टेक, औषध टेक, फोटो टेक, वेळ टेक. आपण बस पकडतो, औषध घेतो, फोटो काढतो, आपल्याला वेळ लागतो. आपल्याकडे प्रत्येक कामाला वेगळा शब्द आहे, आणि हे गृहस्थ एकाच झाऱ्याने भजीही तळणार नि जिलबीही. वर्ग मात्र थक्क व्हायचा. एकदा त्यांनी फळ्यावर दोन घरं काढली आणि मोठं गुपित फोडल्यासारखं सांगितलं, की इथून तिथे ते ‘टेक’ आणि तिथून इथे ते ‘ब्रिंग’. बायकांनी माना डोलावल्या, पुरुषांनी लिहून घेतलं. अहो, नेणे आणि आणणे! माझा साडेतीन वर्षांचा भाऊ यात कधी चुकला नव्हता. पण तेच इंग्रजीत सांगितलं की आपल्या लोकांना त्यात ज्ञान दिसतं.

आई ‘मी त्याचा अभ्यास घेते’ याचं ‘आय टेक हिज स्टडी’ करायची. काळजी घेते म्हणजे ‘आय टेक हिज केअर’. सर कपाळाला हात लावत. "टेक केअर ऑफ हिम म्हणा, ताई. ऑफ हिम!" मग आई पोळ्या लाटताना तेच घोकत बसे. तो ‘हिम’ त्या वेळी माझ्या कडेवर असे आणि त्याचं नाक माझ्या फ्रॉकला पुसलं जात असे.

मधेच पाण्याच्या टँकरचा हॉर्न वाजला की सगळा वर्ग इंग्रजी टाकून हंड्यांकडे धावायचा. सर मागून ओरडायचे, "टेक युअर सीट! टेक युअर सीट!" ती सीट कोणीही टेक केली नाही.

बाबांसाठी सरांनी एक वाक्य खास बसवून दिलं होतं: ‘एव्हरी संडे आय टेक माय सन टू द बीच.’ बाबा रविवारी जेवणाची ताटं मांडेपर्यंत पलंग सोडत नसत. अर्नाळ्याच्या समुद्रावर शेजारच्या मुलींबरोबर भावाला एसटीने न्यायचे मी. बालवाडीत मी, दवाखान्यात मी. बाबांना मात्र हे वाक्य इतकं आवडलं, की काही दिवसांनी ते त्यांनाच खरं वाटू लागलं असावं.

एका संध्याकाळी त्यांनी सरांना हळूच विचारलं, "आणि मोठ्या मुलीबद्दल विचारलं तर?"

"सांगूच नका," सर म्हणाले. "मराठी शाळेतली मुलगी म्हटलं की इम्प्रेशन जातं."

मी मागेच बसले होते. बाबांनी मान हलवली. त्या मानेचा मला आजही राग येतो.

मुलाखतीला मला नेलं ते रांगेत भावाला सांभाळायला. आमची पाळी आल्यावर बाबा म्हणाले, "तू बाहेरच बस." मी दाराशेजारच्या बाकावर बसले. दार अर्धं उघडं होतं. मुलाखत घेणाऱ्या सिस्टर वसईजवळच्याच निर्मळ गावच्या होत्या, वयस्कर. बाबांनी समुद्राचं वाक्य खणखणीत म्हटलं. सिस्टर दमलेल्या आवाजात मराठीत म्हणाल्या, "आज सकाळपासून सगळे बाबा समुद्रावरच जातायत." मग त्या भावाकडे वळल्या. "बाळा, समुद्रावर कोण नेतं तुला?"

"ताई."

"आणि डॉक्टरकडे?"

"ताई."

"कुठाय तुझी ताई?"

"बाहेर. बाबा म्हणाले, बाहेर बस."

सिस्टरांनी मला आत बोलावलं. शाळा विचारली, इयत्ता विचारली. मग बाबांना म्हणाल्या, "ही असताना तुम्ही समुद्राची गोष्ट का सांगत होतात?" बाबा हसायला लागले, अगदी साहेबासमोर हसतात तसे. आई टेबलाकडे बघत राहिली. सिस्टरांनी कागद बाजूला ठेवले आणि विचारलं, "मुलगा लहान, शाळा लांब. विरारहून याला रोज कोण आणणार?"

"ही आणेल ना!" बाबा ताबडतोब म्हणाले. "हिची शाळा दुपारची करून घेऊ."

दुपारची शाळा म्हणजे बाईंचा तास गेला, स्कॉलरशिप गेली. एवढा मोठा निर्णय घेताना त्यांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

"मी नाही आणणार," मी म्हणाले. "माझा सकाळी स्कॉलरशिपचा तास असतो."

आईने माझा दंड दाबला. तरी मी पुन्हा तेच म्हणाले. सिस्टर बाबांकडे बघत थांबल्या. शेवटी बाबा खाली मान घालून मराठीत पुटपुटले, "मी आणीन."

भावाला प्रवेश मिळाला. बाबा माझ्याशी गणपतीपर्यंत बोलले नाहीत. पण ते रोज त्याला शाळेत सोडून मगच ऑफिसला जाऊ लागले, आणि त्यापायी साहेबाची बोलणी खाऊ लागले. मी बाईंचा तास केला. परीक्षेला बसले, स्कॉलरशिप मिळाली. घरी पेढे आले नाहीत.

आता भाऊ मोठ्या पगारावर आहे. घरी पाहुणे जमले की तो गहिवरून सांगतो, "आमचे बाबा मला रोज बोट धरून शाळेत न्यायचे. कितीही उशीर झाला तरी स्वतः न्यायचे." पाहुणे बाबांकडे कौतुकाने बघतात. बाबा ते कौतुक मान हलवून स्वीकारतात, आणि आई मला म्हणते, "जरा चहा टाक गं."