तात्यांची शिट्टी

डाळजचे रघुनाथतात्या रोज संध्याकाळी धरणाच्या पाण्याकाठी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायचे. धाकटा भाऊ म्हादू तिथंच होडीसकट बुडाला होता. जिवंतपणी या शिट्टीसरशी तो काठाला परतायचा.

पुढचे दात पडले आणि शिट्टी गेली. कवळी लावून फुंकलं, की कवळीच सुटून हातात यायची.

"म्हादूला वाटंल, मी इसरलो," तात्या झुरायचे.

शेवटी इंदापुरात डॉक्टरांनी जबड्याच्या हाडात इम्प्लांटचे धातूचे स्क्रू रोवले. हाडानं ते घट्ट धरल्यावर वर दात बसवले. "आता ऊस सोला तात्या, हलायचे न्हाईत."

त्याच संध्याकाळी बायको, कौसल्या, सोबत काठावर आली. ती पाण्याकडं बघत असतानाच लांबलचक शिट्टी घुमली.

"अवं, वाजली की पयल्यासारखी."

तात्यांची बोटं अजून ओठांपर्यंत पोचली नव्हती.

"म्या कुठं वाजवली, कौसे?"