जाळ्यावरची जळजळ

फाटलेली जाळी सांधण्यात थोरलीचा हात धरणारं त्या धक्क्यावर कुणी नव्हतं. पण जेलीफिशच्या तंतूंनी तिच्या त्याच हातांशी वैर धरलं. आधी नुसती खाज, मग चाबूक ओढल्यासारखे लाल वळ, आणि शेवटी तर ओठ सुजून श्वासच अडकला. "दर वेळी वाढतच जाणार हे," डॉक्टर म्हणाले. "जाळी विसरा आता." सासूबाईंनी तिला स्वयंपाकघरात धाडलं आणि तिच्या जागेवर धाकट्या जावेला बसवलं.

काल आलेली पोर ती! गाठ अशी मारायची की सोडवताना देव आठवावा. तरी येणारेजाणारे म्हणायचे, "काय झरझर हात चालतो हिचा!" डबा घेऊन आलेल्या थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. जागा माझी, सुई माझी आणि कौतुक या बयेचं? हिला एकदा डसलं पाहिजे, म्हणजे पळेल आपोआप.

एका दुपारी सांधायला आणखी एक जाळं आलं. त्याच्या कडेला वाळलेले निळसर तंतू चिकटले होते. थोरलीला ते लांबूनच दिसले. वाळलं म्हणजे मेलं, असा धाकटीचा समज; ओला हात लागला की ते पुन्हा डसतात, हे थोरलीला पक्कं ठाऊक. ती मूग गिळून डबा उघडत बसली. धाकटीने हात धुतले आणि तसेच जाळ्यात घातले.

"आई गं! जळतंय, जळतंय!"

थोरलीला बरं वाटलं. खरंच वाटलं. पण धाकटी नळाकडे धावली, तशी थोरली ताडकन उठली.

"नळाचं नको! गोड्या पाण्यानं आणखी भडकेल!"

तिने समुद्राच्या पाण्याची बादली धाकटीच्या हातावर ओतली आणि पदराच्या टोकाने एकेक तंतू उचलला. एक तिच्याच मनगटाला चिकटला. वळ उठले, नशीब, श्वास अडकला नाही.

"तुम्हाला चालत नाही हो हे!" धाकटी रडत म्हणाली. मग जरा शांत झाल्यावर तिने सहज विचारलं, "जाऊबाई, तुम्हाला दिसले नाहीत का ते?"

"दिसले होते."

"मग बोलला का नाहीत?"

"जळत होते मी."

"पण तुम्हाला तर नंतर लागलं ना?"

थोरलीची नजर जाळ्यातल्या सुईवर गेली. धाकटी तिच्याकडे बघत राहिली, आणि तिचा चेहरा हळूहळू उतरला. तिने थोरलीच्या हातातून आपला हात सोडवून घेतला, दुसऱ्या हाताने सुई उचलली आणि तिच्याकडे पाठ करून जाळ्याशी बसली.