रिकाम्या मोटारींचा राखणदार

उज्जैनात चोर नाहीत असं कोणी सांगितलं, तर त्याला खुशाल रामघाटाच्या चढावर मोटार उभी करून आंघोळीला पाठवावं. परत येईपर्यंत अक्कल ठिकाणावर येते. आणि गंमत म्हणजे यात चोरांचा हात निम्माच. निम्मा आपल्या सोवळ्याचा! क्षिप्रेवर श्राद्धाला बसायचं तर अंगावर चामडं चालत नाही. मग इंदूर-देवासकडून आलेली चांगली शिकलीसवरली माणसं काय करायची? चामड्याचं पाकीट, चामडी पट्ट्याचं घड्याळ, जोडे, सगळं उतरवून सीटखाली सरकवायची, काचा लावायची आणि निर्धास्त मनाने पायऱ्या उतरायची. चोराला शोधाशोध करायचेही कष्ट नसत.

ही खोड पहिल्यांदा ओळखली ती यज्ञेश्वर पागनीसांनी. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या संस्थानच्या चाकरीतलं. ते स्वतः एकवीस वर्षं सरकारी मोटरखान्यात होते. गाड्या धुवायच्या, पुसायच्या, राखायच्या. संस्थान विलीन झालं, मध्यभारत झाला, गाड्या कुठेकुठे गेल्या आणि मोटरखान्याच्या फाटकाला कुलूप लागलं. स्वराज्य आल्याचा त्यांना आनंदच होता हो, प्रभातफेरीत ते पुढे होते. पण दुसऱ्या दिवसापासून सकाळी उठून जायचं कुठे, हे काही त्यांना कोणी सांगितलं नाही.

त्याच सुमारास त्यांची बायको अंबिका गेली. सवाष्ण गेली म्हणून बायकांनी तिचं कौतुक केलं. पागनीसांना त्या कौतुकाचा राग आला, पण बोलणार कोणाशी? मुलगा गोपाळ सचिवालयात कारकून, फिरत्या राजधानीबरोबर सहा महिने ग्वाल्हेरला तर सहा महिने इंदूरला. माधवनगरच्या दोन खोल्यांत पागनीस एकटे. महिनाभर त्यांनी भिंतींकडे पाहिलं आणि एक दिवस चक्क रामघाटाच्या चढावर, मोटारी थांबतात तिथे, निंबाखाली जाऊन बसले. त्यांना कोणी नेमलं नव्हतं. बसले ते बसलेच.

त्यांची पद्धत साधी होती, पण माणसाचा जीव खाणारी. अंबिकेच्या जुन्या सुती लुगड्यांच्या त्यांनी हाताने थैल्या शिवल्या होत्या. गाडी थांबली की आधी थैली पुढे करायचे. "पाकीट रिकामं करा, आतलं सगळं यात घाला, थैली कमरेला बांधा. कापडाला देवाची हरकत नाही." मग रिकामं पाकीट उघडून समोर, काचेतून दिसेल असं ठेवायचं. पुढचा खण सताड उघडा. सीटखाली काही नाही हे मालकाने वाकून स्वतः बघायचं. आणि ट्रंक-वळकटीसारखं जे हलवता येत नाही, ते कोणाचं काय हे मोठ्याने सांगायचं आणि घरचं एक माणूस गाडीपाशी बसवायचं. माणूस बसवणार नसाल तर गाडी दुसरीकडे लावा!

लोक वैतागत. "काका, ये क्या तमाशा है?"

"तमाशा तो चोर करेगा, भैया. मैं तो परदा गिरा रहा हूँ."

पागनीस नाव कोणाच्या जिभेवर बसेना, यज्ञेश्वर त्याहून नाही. घाटावरच्या पंड्यांनी त्यांचं जगेसर काका करून टाकलं. आठ वर्षांत जगेसर काकांच्या राखणीतल्या गाडीतून एक रुमालसुद्धा गेला नाही.

पण खरं सांगू का? झडती एवढी लांबायला नको होती. दोन मिनिटांचं काम ते दहा मिनिटं चालवायचे. कुठून आलात, कोणाचं श्राद्ध, वडील काय करायचे? लोक घाईत असत, आपल्या मेलेल्या माणसात असत. तुटक उत्तरं देत, परत येत ते लाल डोळ्यांनी, थैली हातात कोंबून गाडी सुरू करत. दिवसभरात पागनीसांशी बोलणं व्हायचं ते एवढंच. संध्याकाळी घरी जाऊन ते कुलूप उघडायचे, आणि तेव्हा त्यांना फार एकटं वाटायचं. कधीकधी ते अंबिकेला मोठ्याने सांगायचे, "आज चार गाड्या होत्या गं."

छप्पन सालच्या नोव्हेंबरात पुन्हा नवा नकाशा झाला. मध्यप्रदेश, राजधानी भोपाळ. गोपाळ फायलींबरोबर तिकडे गेला आणि जाताना म्हणाला, "बाबा, क्वार्टर मिळालं की तुम्हाला न्यायला येतो." झालं! पागनीसांच्या अंगात बळ आलं. पंड्यांना सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, घरमालकाला तर "होळीपर्यंत खोल्या मोकळ्या करतो" असंही सांगून बसले. आता म्हातारपणी मुलाजवळ राहायचं, एवढी एकच इच्छा त्यांना उरली होती. दर महिन्याला गोपाळचं कार्ड यायचं, त्यात शेवटी एक ओळ असायची: क्वार्टरचं अजून जमत नाही. सरकारचं काम, वेळ लागायचाच, असं ते घाटावर सगळ्यांना समजावत.

पुढच्या पितृपक्षात अविधवा नवमीला गोपाळ आईच्या श्राद्धाला आला, तो साडूची काळी मोटार घेऊन. बरोबर बायको प्रतिभा आणि प्रतिभाची आई अनसूयाबाई. मागे ट्रंक, वळकटी, पितळी डबे, आणि कापडात गुंडाळलेला छोटा देव्हारा.

पागनीसांनी मुलाला डोळे भरून पाहिलं. मग थैली पुढे केली.

"बाबा, गुरुजी खाली खोळंबलेत," गोपाळ चिडला. "घरच्या माणसाची कसली झडती?"

"घाटावर घरचा न् बाहेरचा नसतो. पाकीट काढ. आणि हे सामान कोणाचं?"

गोपाळ थैलीच्या नाड्या ओढत राहिला. प्रतिभाच म्हणाली, "आईचं आहे."

विहीणबाई चार दिवस राहायला निघाल्या असतील, पागनीसांना वाटलं. पण चार दिवसांना देव्हारा? विचारायला वेळ नव्हता. सामान होतं म्हणजे माणूस बसायला हवं. अनसूयाबाईंचे गुडघे धरलेले, पायऱ्या त्यांना होणार नव्हत्याच. त्या गाडीत बसल्या. पागनीसांनाही खाली जायचं होतं, अंबिकेचं श्राद्ध होतं; पण आणखी तीन गाड्या त्यांच्या भरवशावर उभ्या होत्या. गोपाळ आणि प्रतिभा पायऱ्या उतरून गेले.

पागनीसांनी तांब्याभर पाणी आणून दिलं. अनसूयाबाईंनी पाणी पिऊन पदराने तोंड पुसलं.

"व्याहीबुवा, पितृपंधरवड्यात निघू नये म्हणत होते मी. पण गाडी याच दिवसांत मिळत होती. इंदूरची खोली सोडली, आता पोरीच्या दारात कायमची. बरं दिसत नाही, पण करू काय? एकटीनं राहवत नाही हो. दिवस जाता जात नाही."

"खरंय," पागनीस म्हणाले. "नाहीच जात. पण विहीणबाई, राहणार कुठे सगळी? त्यांना अजून क्वार्टर..."

"अगंबाई, चैत्रातच तर मिळालं! दोन खोल्या, मागे ओटा, दारात पेरूचं झाड आहे म्हणे." अनसूयाबाई भाबडेपणाने बोलत होत्या. "मी गोपाळरावांना म्हटलं, आधी तुमच्या वडिलांना आणा, त्यांचा हक्क पहिला. तर म्हणाले, खूप सांगून पाहिलं, बाबांना उज्जैन सोडवत नाही. ऐकतच नाहीत."

पागनीसांनी रिकामा तांब्या हातात घेतला. चैत्र ते भाद्रपद. पाच कार्डं आली होती त्यानंतर, पाचही त्यांनी उशाखाली ठेवली होती. त्यांना ओरडावंसं वाटलं. या बाईंना सांगावंसं वाटलं, की मला कोणी विचारलंच नाही हो, एकदासुद्धा नाही! पण समोर जावयाच्या आधाराला निघालेली म्हातारी बसली होती. जावई खोटं बोलतो हे तिला आजच कळलं, तर ती त्या घरात कोणत्या तोंडाने राहणार? आणि आपला गोपाळ तिच्यासमोर कसा उभा राहणार?

"हो," ते म्हणाले. "सवय झाली ना इथली."

आणि पाठ फिरवून ते रिकामा तांब्या पुसत राहिले. अनसूयाबाईंना वाटलं, आज बायकोची आठवण येतेय.

तासाभराने दोघं वर आली. पागनीसांनी ट्रंक, वळकटी, डबे, देव्हारा एकेक दाखवून दिलं, थैली परत घेतली. गोपाळ दार उघडून उभा राहिला, तेवढ्यात अनसूयाबाई आतून म्हणाल्या, "गोपाळराव, माझ्यादेखत एकदा विचारा की त्यांना. मी सरकून बसते, जागा होईल."

प्रतिभाने मान खाली घातली. गोपाळ बापाकडे न बघता म्हणाला, "चला ना बाबा."

एक "हो" म्हणायचा अवकाश होता. ते अंगावरच्या कपड्यांनिशी बसले असते. वर्षभर त्यांनी या शब्दांची वाट पाहिली होती, आणि ते शब्द आले ते असे. गोपाळच्या कानशिलावर घाम आलेला त्यांना दिसला. लहानपणी शाळेत मार खाऊन आला की तो असाच उभा राहायचा.

"नको रे बाबा," पागनीस हसून, अनसूयाबाईंना ऐकू जाईल असं म्हणाले. "कितीदा सांगायचं तुला? मला नाही उज्जैन सोडवत."

गोपाळने श्वास सोडला. हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या बापाला तो स्पष्ट ऐकू आला.

मग त्याने वाकून नमस्कार केला, गाडीत बसला, आणि काच खाली करून कधी नव्हे इतक्या मायेने म्हणाला, "पुढच्या नवमीला येतोच हं बाबा."

"ये," पागनीस म्हणाले. "मी आहेच इथे."