सकाळी काय खाल्लं?

बातम्या दुसऱ्या दिवशी कोणाला आठवत नाहीत, किस्से मात्र साचत जातात. रायपूरच्या आमच्या न्यूज चॅनलमध्ये मी कॅमेऱ्यावर आणि दिवाकरभाऊ साउंडवर. आमचे बहुतेक किस्से एकाच प्रश्नानं सुरू होतात.

पाहुण्याला वायरलेस माइक लावला की आवाजाची लेव्हल घ्यायला त्याला बोलतं करावं लागतं. दिवाकरभाऊ सगळ्यांना हेच विचारतात, "सकाळी काय खाल्लं?"

मधुमेहाचे एक डॉक्टर म्हणाले, दोन समोसे आणि जिलेबी. मग अर्धा तास पथ्य सांगत बसले. लेव्हल उत्तम होती.

मुलासाठी पोट्टी पाहायला भाऊ ब्राह्मणपाऱ्यात गेले, तर तिलाही तेच विचारलं. ती म्हणाली, "पोहे. तुमच्यासाठी केले त्यातलेच." लग्न जमलं!

मग एका नेत्याचं आमरण उपोषण आलं. नेते मंडपात, भाऊ पन्नास पावलांवर गाडीत हेडफोन लावून. त्यांनी सवयीनं नेत्यांच्या कानातल्या इअरपीसमध्ये विचारलं. नेत्यांनीही सवयीनं सांगितलं, "आलू पराठा." तोवर लाइव्ह सुरू झालं होतं.

आमचे मालक अभनपूरचे, राइस मिलवाले. त्यांनी बजावलं, साउंडमुळे पुन्हा बुलेटिन बिघडलं तर घरी बसायचं. भाऊंच्या धाकटीचं कॉलेज अजून व्हायचं होतं. मी म्हटलं, निदान प्रश्न तरी बदला.

"काहून? दुसरं मले सुचतच नाही."

पंधरा दिवसांनी सहाच्या बुलेटिनला उरल्याच्या कारखान्यांच्या वस्तीतून एक बाई आल्या. मुलगा चार दिवसांपासून रोलिंग मिलमधून घरी परतला नव्हता. टीव्हीवरून त्याला घरी ये म्हणून सांगायचं होतं. भाऊंनी पदराला माइक लावला आणि विचारलं. बाई म्हणाल्या, परवापासून काहीच नाही.

भाऊंनी आपला डबा उघडून त्यांच्यापुढे ठेवला, स्वतः साउंडच्या खोलीत जाऊन बसले. सहा वाजले. जाहिराती लागल्या, संपल्या, परत त्याच लागल्या. मालक धावत खोलीत शिरले. मीही मागोमाग गेलो.

"लेवल नहीं आ रहा, सर," भाऊ म्हणाले.

मालकांनी हेडफोन ओढून स्वतःच्या कानाला लावले. काचेपलीकडे बाई पाठमोऱ्या बसून पोळी खात होत्या. माइक चालू होता. मालक बराच वेळ ऐकत उभे राहिले.

मग हेडफोन टेबलावर ठेवत, मान डोलावून म्हणाले, "हव, नहीं आ रहा."